उजेडातले पक्षी

शाहीदचा हात बराच वेळ हवेत होता, हे अवधूतला कळलं ते जास्मीनच्या आवाजामुळे. "अवधूत, हात तरी मिळव की. एवढ्यावरून रुसलास?" डाव नुकताच संपला होता. हरलेल्यानं जिंकणाऱ्याशी हात मिळवायचा ही त्या टेबलाची कॉलेजपासूनची रीत. अवधूत मान खाली घालून आपली कार्डं गोळा करत होता आणि त्याच्या उजव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, एक अख्खा हात, मनगटावर स्टीलचं घड्याळ, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, त्याची वाट बघत थांबला होता. तो वळला तेव्हा हात दिसला, पण परत चाललेला. त्यानं तो घाईघाईनं पकडला, गरजेपेक्षा जास्त जोरात दाबला आणि म्हणाला, "सॉरी यार, डोक्यात दुसरंच चाललं होतं." शाहीद हसला. कमलाकरकाका हसले. जास्मीन हसली नाही, किंवा हसली असेल. ती डावीकडे बसली होती, आणि डावीकडे बघायचं तर मान वळवावी लागली असती, आणि त्या क्षणी मान वळवायची त्याला भीती वाटली.

गोष्ट एवढीच. दुसऱ्या कुणाच्या ती लक्षातही राहिली नसती. पण शाहीदच्या घराचा जिना उतरताना, कठड्यावरून हात न उचलता, एकेक पायरी चपलेच्या टोकानं चाचपताना त्याच्या मनात तो हात तसाच लोंबकळत राहिला. किती वेळ होता तो तिथं? याआधी असे किती हात येऊन गेले असतील? ऑफिसात, लग्नाकार्यात, रस्त्यात. किती जण समोर येऊन हसले असतील, आणि आपण त्यांच्या अंगावरून निघून गेलो असू? हरवलेल्या गोष्टीचं दुःख करायला निदान ती हरवली हे माहीत हवं. इथं तीही सोय नव्हती. लोकांना वाटतं, न दिसणं म्हणजे काळं दिसणं. काळं काही नव्हतंच. आपल्या डोक्यामागे काय दिसतं? काळोख दिसतो का? काहीच दिसत नाही. तिथं बघणंच नसतं. तसं ते डोक्यामागचं काही-नसणं दोन्ही कानांवरून हळूहळू पुढं आलं होतं आणि आता समोर ताटाएवढं जग उरलं होतं. त्या ताटात मात्र सगळं स्वच्छ होतं. शाहीदच्या घड्याळावरची बारीक अक्षरंसुद्धा त्यानं वाचली असती, घड्याळ ताटात आलं असतं तर.

दर रविवारी दुपारी ते चौघं जुन्या पनवेलमधल्या मोहल्ल्यात, शाहीदकडे जमत. खाली शाहीदचं हार्डवेअरचं दुकान, वर घर, आणि पुढच्या खोलीत त्याच्या अब्बांनी मस्कतची नोकरी सोडून येताना आणलेलं जाडजूड टेबल. खेळ परदेशी, कार्डं इंग्रजी. प्रत्येकाचा शंभर कार्डांचा आपापला डेक, त्यातलं एक म्होरक्याचं कार्ड समोर उघडं ठेवायचं, बाकीची पिसून एकेक ओढायची. चौघं एकमेकांविरुद्ध, शेवटी उरेल तो जिंकला. डेक ज्याचा त्यानं बांधायचा आणि तो कसल्यातरी एका कल्पनेवर उभा हवा, असा त्यांचा आपसातला आग्रह होता. शाहीदचा सगळा ड्रॅगनांचा. त्याची धाकटी बहीण जास्मीन, ती फार्मसिस्ट, तिचा झाडंझुडपं आणि वेलींचा. कमलाकरकाकांचा डेक त्यांचा नव्हताच, आधी याच टेबलावर खेळणारा त्यांचा मुलगा सत्यजीत कॅनडाला गेला तेव्हा खोक्यात टाकून गेलेला सैनिकांचा डेक ते खेळत, आणि एखादी चाल करण्यापूर्वी "सत्या इथं काय करेल?" असं स्वतःलाच विचारत. अवधूतकडे कितीतरी वर्षं एक भुतांचा डेक होता. काळी, जांभळी, धुरकट कार्डं. अलीकडे ती टेबलावर पसरली की एकमेकांत मिसळून जात. त्या दिवशी तो हरला तो त्यामुळेच. त्याचं स्वतःचंच एक भूत टेबलाच्या कडेला पडून होतं आणि त्याला ते वापरायचं सुचलं नाही. "अरे, एवढं मोठं भूत बसवून ठेवलंस पेन्शनीत?" असं काका म्हणाले तेव्हा तो सगळ्यांबरोबर हसला होता.

डॉक्टरबाईंनी हे सांगून आता पावसाळा उलटला होता. तो गेला होता चष्म्याचा नंबर काढायला. त्यांनी एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात त्याला हनुवटी टेकवायला लावलं, हातात एक बटण दिलं. मध्ये बघत राहायचं आणि आजूबाजूला ठिपका चमकला की दाबायचं. तो बघत राहिला. बराच वेळ ठिपका आलाच नाही. "मॅडम, मशीन बंद पडलं वाटतं," तो म्हणाला. नंतर त्यांनी समोर ठेवलेला कागद सगळा काळा होता आणि मध्ये एक पांढरं भोक. "मधलं बरीच वर्षं टिकेल. टिकतं बऱ्याच जणांचं," त्या म्हणाल्या. औषध नव्हतं. ऑपरेशन नव्हतं. चालू वाक्यात स्वल्पविराम द्यावा तसं त्या म्हणाल्या, "गाडी चालवणं आजपासून बंद करा," आणि मग, "घरात कुणाला होतं?" त्यानं सांगितलं, "मामांना." खाली येऊन तो मोटरसायकलवर बसला आणि घरी गेला.

कृष्णकांत मामा आपट्याला राहत. मे महिन्यात अवधूत आईबरोबर जाई तेव्हा मामा ओटीवरच्या बाकावर बसलेले असत, अंगात धुवट गंजीफ्रॉक, तोंड नदीकडे. ते रातांधळे आहेत असं घरातले म्हणत, पण ते दिवसाही भिंतीला हात लावून चालत, आणि भिंतीला त्या उंचीवर एक तेलकट पट्टा उमटलेला होता, माजघरापासून न्हाणीपर्यंत. मामांना कुणी वाईट वागवलं नाही. हेच अवधूतला आठवत राही. सगळे फार चांगले वागत. कुणी त्यांच्याशी भांडत नसे. जेवताना आजी विचारी, "कृष्णाला वाढलं का?" आणि कृष्णा तिच्या समोर बसलेला असे. घराची वाटणी झाली, आंब्याची झाडं कुणाकडे जायची यावरून दोघा थोरल्या मामांमध्ये शिवीगाळ झाली, सतरंजीवरून उठून एकमेकांच्या अंगावर गेले, आणि त्या सगळ्या गदारोळात धाकट्या मामांना कुणी साधं 'तू गप्प बैस' असंसुद्धा म्हटलं नाही. ते गप्पच होते. मोठ्यांचं भांडण बघून रडू फुटलेल्या अवधूतला त्यांनी जवळ ओढलं, चाचपत त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवून ते बसून राहिले. त्या हाताला आयत्या वाढलेल्या भाताचा वास येत होता.

कारखाना पाताळगंगेच्या काठी होता. कंट्रोल रूममध्ये अवधूत शिफ्ट इंजिनिअर होता. समोर भिंतभर पडदे, त्यांवर टाक्या, नळ, तापमानाचे आकडे; काही बिघडलं की चौकोन लाल व्हायचा आणि भोंगा वाजायचा. भोंगा वाजल्यावर लाल चौकोन शोधायला त्याला इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ लागू लागला होता. थोडाच. मान एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सतत फिरवत राहायची युक्ती त्याला जमली होती. नवीन आलेली पोरं म्हणायची, साहेब पॅनेलवरून नजर हलवत नाहीत. रात्रपाळ्या त्यानं पोटाच्या तक्रारीवर ढकलून बदलून घेतल्या होत्या. वर्षाची तपासणी झाली तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. त्यानं सर्वांत खालची ओळ घडाघडा वाचली. "वा, डोळे उत्तम," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. तेव्हा त्याला वाटलं होतं, डॉक्टरांचा हात धरावा, सांगावं. पण बरोबर उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यासारखा तो उठला आणि शर्टाची बटणं लावत बाहेर आला.

त्या हाताच्या रविवारनंतर त्यानं भुतांचा डेक कपाटात टाकला आणि पक्ष्यांचा डेक बांधायला घेतला. पक्षीच का, याचं त्यानं सर्वांना सांगितलेलं कारण वेगळं होतं: लहानपणी आपट्याला खंड्या बघायचो, वगैरे. खरं कारण असं की पक्ष्यांच्या चित्रामागे आकाश असतं. फिकट निळं, पांढरं, पिवळसर. टेबलावर पडलेलं असं कार्ड नजरेच्या भोकात आलं की लगेच उजळतं, आणि त्यावरची पंखांची काळी रेघ एकदा पाठ झाली की मजकूर वाचावाच लागत नाही. त्यानं नेटवरून सुटी कार्डं मागवली, जुने डबे उपसले. डायनिंग टेबल ओढून बाल्कनीच्या दाराशी नेलं. सुटीच्या दिवशी सकाळच्या उजेडात तो एकेक कार्ड हातभर अंतरावर धरी, मग टेबलावर ठेवी, मग मान वळवून पुन्हा त्याच्यावर येई. जे पहिल्या नजरेत सापडे ते डेकमध्ये. जे शोधावं लागे ते बाजूला. म्होरक्या म्हणून त्यानं पांढरा करकोचा निवडला. दर वेळी नवा पक्षी आला की करकोचा आधीच्या सगळ्यांना थोडं बळ देई. मुळात पक्षी दुबळे. एकटा पक्षी ड्रॅगनसमोर काहीच नव्हे. थवा जमायला हवा, आणि जमेपर्यंत कुणी आपल्याकडे वळता कामा नये. त्याला तो हिशेब आवडला. दिवसा करता येण्याजोगं काहीतरी हाती लागलं होतं. रेवा, त्याची बायको, बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "आता हे नवीन? तुझी भुतं बरी होती. निदान तोंड लपवून बसायची." तो हसला. रेवाचा चेहरा भोकात मावत होता, पण हातातला टॉवेल मावत नव्हता. ती बोलता बोलता वाकली आणि नाहीशी झाली.

जुळवणी चालू आहे म्हटल्यावर शाहीदनं एक कार्ड आणून दिलं. खाकी पाकिटात, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. घुबड. पक्ष्यांमधलं सगळ्यांत ताकदीचं कार्ड. समोरच्याच्या हातातला पत्ता आधी बघायचा आणि हवा तो फेकायला लावायचा. शाहीदनं ते पुण्याच्या एका माणसाकडून मिळवलं होतं. "अम्मी विचारत होती, पक्ष्याच्या चित्रासाठी पुण्याला फोन? मी म्हटलं, अवधूतसाठी आहे. मग काही बोलली नाही." अवधूतनं कार्ड हातात घेतलं. मध्यरात्रीचं जंगल. काळ्यावर काळं. खूप खाली, कुठंतरी दोन पिवळे ठिपके. त्यानं ते उन्हात धरलं, तिरपं केलं. "भारी आहे रे," तो म्हणाला. पुढच्या रविवारी शाहीदनं तो अर्धवट जुळलेला डेक चाळून बघितला. "घुबड कुठाय?" "नाही बसत ते. थव्याबरोबर खेळत नाही." "अरे पण याच्याशिवाय हा डेक म्हणजे... खुदा कसम, चिमण्यांची शाळा आहे ही." "चिमण्यांची तर चिमण्यांची." शाहीदला लागलं होतं हे त्याच्या श्वासावरून कळलं. अलीकडे अवधूतला अशा गोष्टी श्वासावरूनच कळत. "तुझा डेक आहे," शाहीद म्हणाला, आणि आपले ड्रॅगन पिसायला लागला.

चाचणी तो एकटाच घेई. चारही डेकांची नक्कल त्यानं साध्या कागदाच्या चिठ्ठ्या करून बनवली होती आणि चार खुर्च्यांवर आळीपाळीनं बसून तो चौघांचा खेळ खेळे. शाहीदच्या खुर्चीवर बसला की तो शाहीद होई: जो जड होतोय त्याच्यावर सरळ चालून जायचं, मैत्री बाजूला. काकांच्या खुर्चीवर तो आधी चूक करी, मग हळहळे, मग अचानक एखादी अशी चाल करी की सत्यजीत तिकडे कॅनडात उठून उभा राहावा. जास्मीन सर्वांत अवघड. ती काही करत नसे. वेली वाढवत, हातातली कार्डं राखत बसून राही, आणि सगळ्यांना ती आहे याचा विसर पडला की एक वादळ टाकी, ज्यात उडणारं जे जे असेल ते सगळं खाली येई. एकट्याच्या त्या खेळात पक्षी पुन्हा पुन्हा मेले. थवा जमत आला की वादळ. वादळातून वाचला तर ड्रॅगन. तो एक कार्ड काढे, दुसरं घाली, पुन्हा मांडे. हरत होता तरी त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये त्याला एक निवांतपणा वाटे. शाहीद झालेला तो अवधूतवर जराही दया करत नसे. करायचं कारणच नव्हतं. त्या शाहीदला काही माहीत नव्हतं.

हे सगळं फुटलं ते पळस्प्याला. रविवार नव्हता, कसलीशी सुटी होती. रेवाच्या बहिणीकडे पेणला निघाले होते दोघं, मोटरसायकलवरून. ऊन लख्ख. फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला वळताना त्यानं मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे आणली, रस्ता मोकळा होता, त्यानं गाडी घातली. आणि मोकळ्या रस्त्यातून एक बाई उगवली. डोक्यावर भाजीची पाटी, एक हात वर. ती ओरडली. रेवा ओरडली. ब्रेक लागला, मागचं चाक फरफटत गेलं, गाडी आडवी झाली पण पडली नाही. पाटी पडली. वांगी रस्त्यावर गडगडत गेली. "डोले फुटले का रं तुजे?" बाई ओरडली. "एवडी मोटी बाई दिसत नाय?" रेवा उतरली. तिनं वांगी गोळा केली, बाईच्या हाताला खरचटलं होतं तिथं रुमाल बांधला, काहीबाही बोलली, पैसे द्यायला लागली तर बाईनं ते झिडकारले. "मना नको. त्याला सांग, बगून चालव." अवधूत गाडी धरून उभा होता. ताटाएवढ्या जगात एक वांगं होतं, ट्रकच्या चाकाखाली येऊन फुटलेलं.

बाई गेल्यावर रेवा त्याच्यासमोर आली. "ती आपल्या समोर होती," ती म्हणाली. "मी मागे बसून बघत होते तिला. मला वाटलं, तू थांबतोयस." "एकदम आली गं." "एकदम नाही आली, अवधूत. ती चालत होती." ट्रक जात होते. ती वाट बघत राहिली. बोलायला लागलं तर थांबता येणार नाही असं त्याला वाटलं होतं, पण झालं उलटंच. सांगायला दोन-तीनच वाक्यं लागली, आणि पुढं काहीच नव्हतं. "कधीपासून माहीत आहे?" तिनं विचारलं. "पावसाळ्याच्या आधीपासून." "आणि रोज मला स्टेशनवर सोडत होतास." हे तिनं रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ओढणी कमरेला खोचली, त्याच्या हातातून हँडल घेतलं आणि म्हणाली, "बस मागे." ती एवढी जड गाडी कधी चालवत नसे, तिला स्कूटरची सवय. तो मागे बसला. पेणला गेलेच नाहीत ते. नवीन पनवेलपर्यंत ती पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी चालवत आली, आणि आपले हात नेमके कुठं ठेवायचे हे त्याला सगळा रस्ताभर कळलं नाही.

मग सगळं भराभर झालं, म्हणजे त्याच्या हातून निसटून झालं. रेवानं दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी तेच सांगितलं, जास्त गोड आवाजात. त्यानं स्वतः जाऊन कारखान्यात सांगितलं. मॅनेजर खुर्चीतून उठून बाजूला येऊन बसले. "आधी सांगायचंत," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एक सावली सरकली. आजवरच्या पाळ्यांचा विचार त्यांनी केला असणार. तो विचार अवधूतनंही केला होता, रोज. त्याला ऑफिसच्या इमारतीत जागा मिळाली. जुने नकाशे तपासायचे, त्यावर शेरे लिहायचे. काम खरं होतं की त्याच्यासाठी शोधून काढलेलं, हे त्याला ठरवता येईना. कंट्रोल रूममधली पोरं दुपारी डबा घेऊन त्याच्याकडे येऊन बसत. पॅनेलबद्दल ती त्याच्यासमोर काही बोलत नसत. घरात रेवानं स्टुलं हलवली, दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद राहतील असं बघायला लागली. ती रात्री जागी असे. त्याचं काही चुकलं तरी आता ती चिडत नसे, आणि भांडण उकरून काढायचा त्याचा प्रयत्न दोनदा वाया गेला.

रविवारी रेवानंच त्याला रिक्षानं मोहल्ल्यात सोडलं. "तिकडे काही बोललेलो नाही मी अजून," तो म्हणाला. "बरं," ती म्हणाली. वर गेला तर खोलीत उजेड जास्त होता. नवी ट्यूब. टेबलावर नेहमीच्या लाल चादरीऐवजी पांढरी. शाहीदच्या अम्मीनं, गुलशनबींनी, आतून विचारलं, "आला का अवधूत? सांभाळून बेटा, पायपुसणं आहे." शाहीद आज जिन्याच्या तोंडाशी उभा होता, तिथं तो कधीच उभा राहत नसे. अवधूत बसला. त्यानं पक्षी बाहेर काढले. त्याला वाटलं, विचारावं: रेवानं कुणाला फोन केला, तुला की जास्मीनला? पण नव्या डेकचा हा पहिला खरा डाव होता, आणि पिसण्याचा आवाज सुरू झाल्यावर ते राहून गेलं.

डाव सुरेख पडला. पहिल्याच फेऱ्यांत समोर उघडा ठेवलेला करकोचा डावात उतरला. मग टिटवीसारखा दिसणारा तो छोटा, मग दोन बगळे. पांढऱ्या चादरीवर आकाशाचे तुकडे एकेक करून लागत गेले, आणि त्याला प्रत्येक तुकडा जागच्या जागी दिसत होता, मान वळवावी तिथं. समोरचे आपली कार्डं सांगत होते: "मी ड्रॅगन टाकतोय, लाल, तुझ्या समोर ठेवला." "मी दोन सैनिक, अवधूत, इथं." असं सांगायची रीत नव्हती. त्यांची कार्डं टेबलाच्या कडा सोडून मध्यभागी सरकली होती, शाळेच्या रांगेसारखी सरळ. तरी बराच वेळ तो खुशीत होता. खूप दिवसांनी शरीरात काहीतरी मोकळं झालं होतं. शाहीदचा ड्रॅगन काकांवर गेला. पुन्हा काकांवर गेला. काका म्हणाले, "सत्या असता तर..." थवा जमला. एवढा थवा खुर्च्यांवर आळीपाळीनं बसून खेळताना एकदाही जमला नव्हता. त्यानं काकांना बाद केलं, मग शाहीदला. मग उरलेले सगळे पक्षी जास्मीनवर सोडले. "गेले मी," ती म्हणाली. "मस्त झालाय डेक." तिघांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या. या टेबलावर कधी कुणी टाळ्या वाजवल्या होत्या?

जास्मीननं हातातली कार्डं पालथी ठेवली होती. त्यानं हात पुढं केला, ती उचलली आणि भोकासमोर धरली. तिसरं कार्ड वादळ होतं. ते ओळखायला त्याला उजेड लागला नसता. "कधीपासून होतं हे हातात?" "अवधूत..." "कधीपासून?" "सुरुवातीपासून," जास्मीन म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मला नको वाटलं टाकायला. तू किती छान मांडले होतेस." खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. शाहीद म्हणाला, "यार, तिचं ऐकू नको, मीसुद्धा तुझ्यावर..." आणि वाक्य अर्धवट सोडलं, कारण ते पूर्ण केलं तर कबुली झाली असती.

"परत खेळू," अवधूत म्हणाला. "काकाही. सगळे. आणि नीट खेळा. मी सांगतोय म्हणून." हे शेवटचं वाक्य तोंडातून जाताना त्याला कळलं की तेच सगळं बिघडवणार आहे. पण ते गेलं होतं. पत्ते पुन्हा पिसले. पक्षी पुन्हा उतरले, या वेळी हळू. शाहीद त्याच्यावर चालून आला. येण्याआधी त्याचा श्वास अडला. काकांनी एक सैनिक पाठवला आणि "मारू ना रे?" असं विचारलं. मग जास्मीनची पाळी आली. ती थांबली. तो ऐकत होता: तिनं कार्डाच्या कडेवरून नख फिरवलं, एकदा, दोनदा. मग तिनं वादळ टेबलावर ठेवलं, त्याच्या बरोबर समोर, ताटाच्या मधोमध, जिथं ते त्याला दिसलंच असतं. सगळं आकाश खाली आलं. तो हरला. त्याला वाटलं होतं, हरल्यावर बरं वाटेल. त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये वाटायचं तसं. पण हे त्याच्या सांगण्यावरून झालं होतं. जिंकणं त्यांनी दिलं होतं, आणि त्यानं मागितल्यावर हरणंही तेवढ्याच मायेनं काढून दिलं होतं. यापुढं तो म्हणेल तसं होईल. त्याच्या मनात जास्मीनबद्दल, शाहीदबद्दल, काकांबद्दल राग शोधूनही सापडेना. ती कुणीच वाईट माणसं नव्हती. तीही आता एकमेकांकडे बघत बसली असणार, त्याला न दिसणाऱ्या बाजूंना, काय करावं हे न कळून.

तो कार्डं गोळा करू लागला. एकावर एक, कडा जुळवून. डेक डबीत घातला तेव्हा बोटांना कळलं, एक कमी आहे. डबीत जरासं हललं ते. त्यानं चादरीवरून हात फिरवला. मान डावीकडून उजवीकडे नेली, पुन्हा परत. टेबल मोकळं होतं. खोलीत कुणी हललं नाही, आणि त्या न हलण्यावरून त्याला समजलं की कार्ड खाली पडलंय आणि ते तिघांनाही दिसतंय. कुणीतरी खुर्ची किंचित सरकवली आणि थांबलं. उचलून द्यावं का? दिलं तर त्याला काय वाटेल? नाही दिलं तर? तिघांचे तीन श्वास त्याच्याभोवती उभे होते. तो वाट बघत बसला असता तर त्यांनी किती वेळ काढला असता कोण जाणे.

"कुठं पडलंय?" त्यानं विचारलं.

शाहीद खाकरला. "पलीकडे, डाव्या बाजूला. काकांच्या खुर्चीच्या पायाशी." काकांनी घाईघाईनं पाय वर घेतले. अवधूत खुर्चीवरून उतरला, गुडघ्यांवर बसला, टेबलाचा पाय धरून वाकला. फरशी गार होती, थोडी खरखरीत. तळहात पुढं सरकवत नेला. खुर्चीचा पाय लागला. लाकूड. त्याच्या पलीकडे पुन्हा फरशी.

"अजून थोडं," वरून शाहीदचा आवाज आला. "अजून. नाही, पुढं गेलास. मागे ये."